पैसा लावला की वाढ होतेच का?

वाचकांचे प्रश्न : अर्थकारण

मागच्या अंकात ७० चा नियम सांगितला होता. वाढीचा दर टक्क्यांत घ्यायचा, ७० ला त्याने भागायचं, येईल तेवढ्या वर्षांत उत्पन्न दुप्पट. १९५० ते ८० या काळात आपला देश साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढत होता, लोकसंख्या दोन टक्क्यांच्या वर, म्हणजे माणशी हातात आलं सव्वा-दीड टक्का आणि दुप्पट व्हायला पन्नासेक वर्षं. हेच माणशी पाच टक्के झालं तर चौदा वर्षं. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातल्या बहुतेकांचा रोख एकच होता, की बाबा हा दर मुळात येतो कुठून? म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. होम लोनवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : "पैसा लावाशिवाय काही व्हस का भाऊ?" असं अहिराणीत विचारून शिरपूरचे एक वाचक पुढे लिहितात, की सरकारने आणि लोकांनी बचत वाढवून कारखान्यात, रस्त्यात, यंत्रात पैसा टाकला की वाढ आपोआप होते, यात थिअरी कसली आली?

भाऊ, तुमच्या बाजूने बोलणारी मोठमोठी माणसं होऊन गेलीत. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ हॅरॉड १९३९ साली आणि अमेरिकेतले डोमार १९४६ साली. दोघांच्या मांडणीतून एक सोपं सूत्र निघालं, बचतीचा दर भागिले एक रुपयाचं उत्पादन काढायला लागणारं भांडवल. बचत १२ टक्के आणि रुपयाला चार रुपयांचं भांडवल लागतं तर वाढ तीन टक्के, बचत २४ करा, वाढ सहा. विषय संपला. आपली दुसरी पंचवार्षिक योजना, महालनोबिसांची, पोलाद आणि अवजड यंत्रांवर भर देणारी, याच भांडवल-भांडवल म्हणणाऱ्या काळातली.

गंमत अशी की ती योजना सुरू झाली १९५६ ला आणि त्याच साली रॉबर्ट सोलो नावाच्या अमेरिकन माणसाने (ऑस्ट्रेलियात ट्रेव्हर स्वान यांनीही, स्वतंत्रपणे) दाखवून दिलं की हे सूत्र लांब पल्ल्यात टिकत नाही.

का टिकत नाही ते जिनिंगमध्ये उभं राहिलं की दिसतं. समजा शेडमध्ये ठरावीक माणसं आहेत आणि जिन, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणारी यंत्रं, कमी आहेत, कापूस बाहेर ढीग लागून पडलाय. एक जिन वाढवला, रुई भराभर निघायला लागली. दुसरा वाढवला, अजून फायदा, पण पहिल्याएवढा नाही. असे वाढवत गेलात की एक वेळ अशी येते की मशीन आहे पण त्यात कापूस टाकायला हात नाही, नवा जिन नुसता उभा. पण घसारा मात्र सगळ्यांवर चालू! रोलर झिजतात, पट्टे तुटतात, मोटर जळते, चालवा की न चालवा काही ना काही खर्च आहेच. म्हणजे यंत्रं वाढतील तसा प्रत्येक नव्या यंत्राचा फायदा घटत जातो आणि झिजेचा खर्च यंत्रांच्या प्रमाणात वाढत जातो, आणि एक दिवस वर्षभराची सगळी बचत जुनी यंत्रं बदलण्यात आणि वाढलेल्या हातांना यंत्रं पुरवण्यातच संपते. त्याच्या पुढे निव्वळ बचतीच्या जोरावर माणशी उत्पन्न वाढत नाही. सोलोची थिअरी म्हणजे मूळ एवढंच.

आता बचत वाढवली तर? उत्पन्न वर जातं ना, नक्की जातं, पण एका पायरीने. उत्पन्नातला भांडवलाचा वाटा एक तृतीयांश धरला (पुस्तकांत सहसा तेवढाच धरतात) तर बचतीचा दर २० वरून ३० टक्के केला, म्हणजे दीडपट, की माणशी उत्पन्न शेवटी जिथे थांबतं ती पातळी साधारण २२ टक्क्यांनी वर सरकते. दीडपट नाही, २२ टक्के. आणि तेही लगेच नाही, वर्षाला दोन टक्के अंतर भरून निघतं असा अंदाज धरला तर निम्मं अंतर कापायलाच ३५ वर्षं. पहिल्या वर्षी वाढीचा दर जेमतेम ०.४ टक्क्याने वाढेल आणि मग तोही विरत जाईल. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशाची बचत १० टक्क्यांच्या आसपास होती, २००७-०८ ला ३५ च्या वर गेली. नुसत्या या गणिताने माणशी उत्पन्न दुप्पटसुद्धा व्हायला नको होतं, प्रत्यक्षात ते आजवर पाचपटीच्या वर गेलंय. म्हणजे दुसरं काहीतरी काम करतंय.

तरी तुमचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, उगाच खोडून काढत नाही. ज्या देशात यंत्रंच नाहीत तिथे पैसा लावला की अनेक वर्षं जोरात वाढ मिळते, आणि नवी कल्पना बऱ्याचदा नव्या मशीनमध्ये बसूनच येते, मशीन न घेता ती मिळत नाही. फक्त कुठल्याही गोष्टीबद्दल एक विचारायची सवय लावा. ही गोष्ट उत्पन्न एकदाच उचलते की उचलत राहते? बचत एकदाच उचलते. सोव्हिएत रशियाने पन्नास-साठच्या दशकात पोटाला चिमटा घेऊन यंत्रं वाढवली, जग थक्क झालं, आणि सत्तरनंतर गाडी मंदावत गेली.

प्रश्न : चोपड्याहून एमएची विद्यार्थिनी विचारते, सोलोचा "शेष" म्हणजे नक्की काय? पेपरला टेक्नॉलॉजी लिहिलं तर चालेल का?

चालेल, मार्क मिळतील. पण समजून घे. सोलोने १९५७ ला संशोधनाचा दुसरा पेपर लिहिला, त्यात १९०९ ते १९४९ चा अमेरिकेचा हिशोब मांडला. त्या चाळीस वर्षांत तिथे कामाच्या एका तासामागचं उत्पादन दुप्पट झालं होतं. यंत्रं वाढल्यामुळे त्यातलं किती, हे काढलं तर निघालं फक्त आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से कशामुळे? ते हिशोबात कुठेच बसेनात, म्हणून त्याला शेष म्हटलं आणि वर तांत्रिक प्रगती असं नाव लावलं. याच सुमारास अब्रामोविट्झ नावाच्या अर्थतज्ज्ञाने या शेषाला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात टेक्नॉलॉजी आहेच पण शिक्षण, मॅनेजमेंट, रस्ते, विजेचा भरवसा, मोजमापातल्या चुका सगळंच कोंबलेलं असतं.

एक गोष्ट तर पुस्तकात सहसा नसते. भांडवल आणि माणसं तेवढीच, पण चुकीच्या ठिकाणी अडकलेली असली तरी शेष कमी दिसतो. ह्सिए आणि क्लेनो या दोघांनी २००९ ला हिशोब केला की भारतातल्या कारखान्यांमध्ये भांडवल आणि मजूर अमेरिकेएवढ्या चांगल्या रीतीने वाटले गेले तर उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल, एकही नवा शोध न लावता. पण बघ, हीसुद्धा एकदाच उचलणारी गोष्ट. वाटप एकदा सुधारलं की सुधारलं.

आणि सोलोची खरी गोची इथेच आहे. उचलत राहणारी एकच गोष्ट त्याला सापडली, टेक्नॉलॉजी, आणि ती कुठून येते ते त्याने सांगितलंच नाही. आकाशातून पडते असं धरलं. १९८७ ला नोबेल मिळालं तरी ते भोक तसंच होतं.

प्रश्न : यावल तालुक्यातून एक ताई लिहितात, आम्ही केळीवाले, ठिबक आणि टिश्यू कल्चर आल्यापासून आमचं उत्पन्न कुठल्या कुठे गेलं. तुमच्या अर्थशास्त्रात आमचं केळं बसतं का? आणि आता पुन्हा सगळं जागच्या जागी का वाटतंय?

ताई, तुमचं केळं नुसतं बसत नाही, मधोमध बसतं. आणि तुमच्या दुसऱ्या वाक्यात पूर्ण थिअरी आहे.

आधी जुनं आठवा. बसराई या जुन्या जातीची लागण, शेजारच्या बागेतून आणलेले कंद, पाटाने पाणी, घड हातात यायला दीड वर्ष, आणि वजन पंधरा-सोळा किलो भरलं तरी खूश. कंदाबरोबर रोग आणि सूत्रकृमी फुकट यायचे ते वेगळंच. मग नव्वदच्या दशकापासून जी-नाईन या नव्या जातीची रोपं आली, टिश्यू कल्चरने लॅबमध्ये वाढवलेली, सगळी एकाच वयाची. सोबत ठिबक, ठिबकमधूनच खत, आणि बाग अकरा-बारा महिन्यांत निसवून कापणीला, घड पंचवीस किलोच्या पुढे. जमीन तीच, तापी तीच, मृगबाग आणि कांदेबाग हे लागणीचे हंगामही तेच. मग बदललं काय? माहिती. थेंबाने पाणी द्यायची कल्पना इस्राएलमध्ये सिमचा ब्लास यांनी मांडली, १९६५ ला तिथल्या एका किबुत्झने (सामूहिक शेतीची वसाहत) त्याचा कारखाना काढला, आणि जळगावला भवरलाल जैन यांनी ती इथल्या मातीत बसवली.

हे इतकं महत्त्वाचं का, ते पॉल रोमर यांनी १९९० च्या पेपरात सांगितलं (२०१८ चं नोबेल). साध्या भाषेत सांगायचं तर भरीत घ्या. तुम्ही वांगी घेतली की ती वांगी मला नाहीत. पण भरीत करायची रीत तुम्ही मला सांगितली म्हणून तुमच्याकडची कमी होत नाही, आख्ख्या जिल्ह्याने एकाच दिवशी वापरली तरी कमी होत नाही. जिन वाटून घ्यावा लागतो, रीत वाटून घ्यावी लागत नाही. म्हणून यंत्राचा फायदा घटत जातो पण कल्पनेचा, वापरणारे वाढले तर, उलट वाढतो. बांधावरून शेजाऱ्याची बाग बघून रावेर-यावलमध्ये जी-नाईन पसरलं, पहिल्या शेतकऱ्याचं त्यात काही गेलं नाही.

पण त्यातच अडचण आहे. जी गोष्ट सगळे फुकट उचलू शकतात ती शोधायला पैसा कोण घालेल? म्हणून पेटंट, म्हणून दर वर्षी विकत घ्यावं लागणारं संकरित बियाणं, आणि म्हणून सरकारी संशोधन, विद्यापीठं. कुंपण फार घातलं तर कल्पना पसरत नाही, अजिबात नाही घातलं तर जन्मत नाही. हा तोल कुठे साधायचा यावर अर्थतज्ज्ञ आजही भांडतात आणि माझं मत विचाराल तर शेतीच्या बाबतीत सरकारी संशोधनाचं पारडं जड असायला हवं, आपण त्यावर फार कंजूषपणा करतो. भारताचा एकूण संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या एक टक्क्याच्याही खाली आहे, दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या जवळ.

आता तुमचं जागच्या जागी वाटणं. जी-नाईन सगळ्यांनी लावलं, ठिबक सगळ्यांनी केलं, त्या एका कल्पनेतून जे निघायचं ते निघालं. म्हणजे एक कल्पनाही शेवटी एकदाच उचलते! उचलत राहते ती कल्पनांची रांग, एकामागून एक. आणि शेतीत तर नुसतं जागेवर राहायलासुद्धा नवी कल्पना लागते. कापसाचं बघा. २००२ ला बीटीला (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं कापसाचं बियाणं) परवानगी मिळाली तेव्हा देशात हेक्टरी रुई ३०० किलोच्या आसपास होती, २००७-०८ ला साडेपाचशेच्या आसपास गेली. सगळं श्रेय बीटीचं नाही, खत वाढलं, पाणी वाढलं, पाऊसही बरा झाला, त्यावर वाद आहेत. पण मग गुलाबी बोंडअळीने बीटी पचवलं. डिसेंबरात बोंड फोडून बघा, आत अळी आणि कवडी कापूस. उत्पादकता खाली येऊन साडेचारशेच्या आसपास घुटमळली. यंत्राला घसारा असतो तसा कल्पनेलाही लागतो, निदान शिवारात तरी. तुमच्याकडे सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने केळीच्या लागणीच्या लागणी उपटायला लावल्या तेही यातलंच.

प्रश्न : अमळनेरहून एक निवृत्त कर्मचारी : १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कित्येकांकडे शेअर होते, ते कोट्यधीश झाले. मग अमळनेरची वाढ झाली असं म्हणायचं का?

आप्पा, शेअरवाल्यांची श्रीमंती वाढली, अमळनेरचं उत्पादन त्यामुळे वाढलं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मालकी इथे होती म्हणून डिव्हिडंड इथे आला, पण सॉफ्टवेअर लिहिणारे हात बंगळुरूत होते, आणि पगार, भाडं, शेजारच्या चहावाल्यापासून शाळेपर्यंतचा धंदा हे सगळं हातांच्या मागे जातं.

कंपनीची गोष्ट मात्र थिअरीला धरून आहे. १९६६ ला अझीम प्रेमजींकडे कारभार आला तेव्हा धंदा तेल-तुपाचा. तुपाच्या कढया दुप्पट केल्या असत्या तर तुपाची मोठी कंपनी झाली असती, बस. ऐंशीच्या दशकापासून कॉम्प्युटरमध्ये उडी मारली, म्हणजे धंद्याचा मालच बदलला. शुम्पीटर नावाचा अर्थतज्ज्ञ याला सर्जनशील विध्वंस म्हणायचा, नवं येतं ते जुन्याला ढकलूनच. आगियाँ आणि हॉविट यांनी १९९२ ला त्याचं गणित मांडलं आणि २०२५ चं नोबेल त्या दोघांना आणि इतिहासकार जोएल मोकिर यांना मिळून दिलं गेलं. त्यांच्या हिशोबात वाढ आणि मोडतोड एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, खानदेशातल्या जुन्या कापड गिरण्या थंडावल्या तेव्हा ज्यांची नोकरी गेली त्यांना कोणी हे गणित दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी पोट भरलं नसतं. त्या विध्वंसाचा खर्च कोणी उचलायचा हे ठरवल्याशिवाय नुसतं सर्जनशील-सर्जनशील करणाऱ्यांचा मला राग येतो.

बंगळुरूच का? रॉबर्ट लुकास या अर्थतज्ज्ञांनी १९८८ ला म्हटलं की शिकलेला माणूस शिकलेल्यांच्या घोळक्यात जास्त कमावतो. तिथे इंजिनिअरिंग कॉलेजं आणि सरकारी संशोधन संस्था आधीपासून होत्या, माणसं एकमेकांपासून शिकत गेली. आपल्या पोरांनी पुण्याची बस का धरली त्याचंही उत्तर हेच.

प्रश्न : साक्रीहून : सगळं राजकारण आणि नियमांवर असतं असं २०२४ च्या नोबेलवाल्यांनी म्हटलंय ना?

असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन. हो, त्यांचा मुद्दा असा की ज्या देशात सामान्य माणसाची मिळकत सुरक्षित असते आणि सत्ता मूठभरांच्या हातात नसते तिथे लोक पैसा आणि डोकं दोन्ही लावतात. पटण्यासारखं आहे, पण तुमच्याच दारातलं उदाहरण घेऊन जरा ताणून बघतो.

पांझरा नदीवरची फड पद्धत. बंधाऱ्यातून पाट, पाणी पोचणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात एकच पीक आणि दर वर्षी फेरपालट, ऊस कुठल्या फडात ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. निदान तीनशे वर्षं चाललेली संस्था आहे ही, सरकारशिवाय, आणि नियम इतके चोख की पाटाच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळायचं. यापेक्षा चांगली संस्था कुठून आणणार? पण त्या तीनशे वर्षांत एकरी उत्पादन सतत वाढत गेलं का? नाही. भांडण मिटवणारा नियम वेगळा आणि नवीन करून बघणाऱ्याला वाव देणारा नियम वेगळा. फडात एकट्याने वेगळं पीक लावायचं म्हटलं तर जमत नव्हतं, त्यात त्याची ताकद होती आणि मर्यादाही. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर पंप बसले आणि बरेच फड मोडले. म्हणून संस्था चांगल्या हव्यात एवढं म्हणून भागत नाही, कशासाठी चांगल्या ते विचारायला हवं.

प्रश्न : धुळ्याचे व्यापारी : पाऊस झाला की बाजार चालतो, गिऱ्हाईक आलं की वाढ, एवढं साधं आहे ना?

शेठ, यंदाचं आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत मागणीच राज्य करते, ते सांगायला केन्स हा अर्थतज्ज्ञ आहे. पण चांगला पाऊस चार वर्षं झाला म्हणून तुमचा नातू तुमच्या चौपट कमावेल असं नाही होत. वीस-तीस वर्षांच्या हिशोबात पावसाची चढउतार एकमेकांत मिटते.

प्रश्न : भुसावळचे पालक : मुलगा बारावीला आहे. एआयमुळे वाढ प्रचंड होणार म्हणतात, खरं का? आणि मग त्याने काय शिकावं?

पहिल्याचं उत्तर एकदाच उचलते की उचलत राहते, याच चाळणीतून काढा. एआयने टायपिंग, हिशोब, पत्रं लिहिणं स्वस्त केलं तर तो मोठा पण एकदाचा फायदा. वीज आली तेव्हाही कारखान्यांना शेडची मांडणी बदलून तिचा पूर्ण फायदा घ्यायला काही दशकं गेली, आणि कॉम्प्युटरबद्दल खुद्द सोलोनेच १९८७ ला टोमणा मारला होता की ते सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत.

पण एआयने शोध लावणंच स्वस्त केलं तर गोष्ट वेगळी, कारण आजघडीला अडचण तिथेच आहे. कॉम्प्युटर चिपवरचे ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट होत राहावेत म्हणून आता सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपेक्षा १८ पट जास्त संशोधक लागतात, असं ब्लूम, जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० ला दाखवलं. कल्पनांची रांग चालू ठेवायलाच दिवसेंदिवस जास्त माणसं लागतायत आणि तिकडे कित्येक देशांची लोकसंख्या घटायला लागलीय. उलट बाजूला २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बघा, त्यातला अर्धा वाटा प्रोटीनचा आकार एआयने ओळखणाऱ्या हसाबिस आणि जम्पर यांना मिळाला, जे काम लॅबमध्ये एकेका प्रोटीनला महिनोन्महिने, कधी वर्षं घ्यायचं. असं औषधात, बियाण्यात, बॅटरीत होत गेलं तर दर खरंच वर सरकेल. होईलच असं छातीठोकपणे म्हणणाऱ्याच्या कोर्सची फी आधी विचारून घ्या.

मुलाने काय करावं? सगळे कॉम्प्युटरकडे पळतायत म्हणून त्यानेही पळावं असं नाही. जीवशास्त्र आवडत असेल तर ॲग्री किंवा बायोटेक धरावं आणि सोबत स्टॅटिस्टिक्स पक्कं करावं, या दोन्ही गोष्टी एकत्र येणारी माणसं कमी आहेत. बोंडअळीवर काम करायला तर आत्ताच हवी आहेत.